कंपवाताची चाहूल पोटात?

हाताला कंप सुटला, पावले अडखळू लागली की कंपवाताचे, म्हणजेच पार्किन्सन्सचे निदान होते. तोपर्यंत मेंदूतील डोपामाइन निर्माण करणाऱ्या पेशींचा मोठा हिस्सा नष्ट झालेला असतो. म्हणूनच या आजाराची पूर्वसूचना आता डोक्याऐवजी पोटात शोधली जात आहे.

या शोधाला दिशा दिली ती जर्मन शरीररचनातज्ज्ञ हायको ब्राक यांनी. अल्फा सायन्युक्लिन या प्रथिनाच्या गुठळ्या आतड्याभोवतीच्या मज्जाजालात प्रथम तयार होऊन व्हेगस या मज्जातंतूवाटे मेंदूकडे सरकत असाव्यात, असे गृहीतक त्यांनी २००३ मध्ये मांडले. सर्वच रुग्णांत असे घडत नसावे. काहींचा आजार मेंदूतच सुरू होतो, असे मानणारा संशोधकांचा एक गट आहे.

२०२४ मध्ये बोस्टनच्या संशोधकांनी ९,३५० व्यक्तींच्या एन्डोस्कोपीच्या जुन्या नोंदी तपासल्या. अन्ननलिका, जठर वा लहान आतड्याच्या आरंभीच्या भागातील अस्तराला इजा झालेल्यांत कंपवाताचा धोका ७६ टक्क्यांनी अधिक आढळला. निदान झाले ते त्या इजेनंतर सरासरी १४ वर्षांनी! मात्र इजा हे आजाराचे कारण की त्याचाच परिणाम, हे अशा नोंदींतून ठरत नाही.

आणि आकड्यांचा धाक बाळगण्यापूर्वी होनोलुलूतील जुने सर्वेक्षण आठवावे. तेथील जपानी वंशाच्या ६,७९० पुरुषांवर २४ वर्षांपर्यंत लक्ष ठेवण्यात आले. रोज एकदा शौचास होणाऱ्यांच्या तुलनेत, त्याहून कमी वेळा होणाऱ्यांत कंपवाताचे प्रमाण २.७ पट निघाले, असे २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. पण एवढ्या सगळ्यांत मिळून रुग्ण होते अवघे ९६. मुळातच अल्प असलेला धोका अडीचपट झाला तरी अल्पच राहतो. रात्री इसबगोल घेऊन झोपणाऱ्या असंख्यांपैकी बहुतेकांच्या वाट्याला हा आजार येणार नाही. आतड्याचा तुकडा काढून तपासावा, तर तेच प्रथिन निरोगी माणसांतही सापडते.

खरा पेच याहून अवघड आहे. आजार रोखणारे औषध आजही उपलब्ध नाही. लेव्होडोपा लक्षणे सौम्य करते, एवढेच. मग १४ वर्षे आधी कळून रुग्णाने करायचे काय? लाभ तूर्त संशोधनाला आहे. या प्रथिनाला लक्ष्य करणाऱ्या सिनपॅनेमॅबची चाचणी २०२१ मध्ये निष्फळ ठरल्याचे जाहीर झाले, तेव्हा औषध फार उशिरा दिले गेले असावे, अशी शंका व्यक्त झाली. लवकर द्यायचे तर लक्षणे दिसण्याआधीचे रुग्ण हवेत. केवळ बद्धकोष्ठता त्यांना निवडण्यास पुरेशी नाही. तिच्या जोडीला गंध हरपणे आणि झोपेत स्वप्नाबरहुकूम हातपाय झाडणे असेल, तर मात्र मेंदूविकारतज्ज्ञांकडे जाण्यास सबळ कारण आहे.