पराभवनाम संवत्सराचे यंत्रफल

फाल्गुन सरत आला की आमच्या घरी पाडव्याची तयारी सुरू होते, आणि त्या तयारीत गुढीच्या काठीइतकेच महत्त्व नव्या पंचांगास असते. पाडव्याच्या सकाळी कडुनिंबाची चटणी जिभेवर ठेवून सर्वांची तोंडे वाकडी झाली, म्हणजे भटजीबुवा ओसरीवर बसून संवत्सरफल वाचतात व घरातील लहानथोर सतरा माणसे ते ऐकतात. राजा कोण, मंत्री कोण, पाऊस किती, धान्य स्वस्त की महाग, हे सारे त्यात असते. अलीकडे मात्र निम्म्या श्रोत्यांच्या माना पंचांगाकडे नसून मांडीवरील मोबाईलकडे झुकलेल्या दिसतात. नवे यंत्र कोणते निघेल, ऑनलाइन व्यापारात काय चढेल व काय बुडेल, याची त्यांस चिंता. आणि नेमके त्याविषयी पंचांगकर्ते मौन पाळतात.

ती उणीव भरून काढण्याचे मी योजिले आहे. मी ज्योतिषी नव्हे. आयुष्यभर शाळेत संस्कृत शिकविले; ‘अहोरात्र’ या शब्दाचे पहिले व शेवटचे अक्षर गाळले म्हणजे ‘होरा’ उरतो, एवढेच माझे होराज्ञान. परंतु मालवणच्या मातीस हा विषय परका नाही. १९७३ साली ‘कालनिर्णय’ काढून पंचांगास फडताळातून स्वयंपाकघराच्या भिंतीवर आणून टांगणारे जयंतराव साळगावकर मूळचे येथलेच. त्यांच्या गावच्या एका म्हाताऱ्याने यंत्रफल वर्तविले तर तो अगदीच अनाचार ठरू नये.

येत्या १९ मार्च २०२६ रोजी शालिवाहन शके १९४८ सुरू होत आहे. संवत्सराचे नाव ‘पराभव’. साठांच्या माळेतील हे चाळिसावे. मागे १९६६ साली ते आले होते, तेव्हा मी पाटीवर अक्षरे गिरवीत होतो. पराभव कोणाचा, ते नावात सांगितलेले नाही, आणि तेवढ्या फटीतूनच माझ्यासारख्यास भविष्य सांगता येते.

पाडवा गुरुवारी, म्हणून वर्षाचा राजा गुरू. याचे फल असे की घरोघर गुरू उत्पन्न होतील. ज्याने स्वतः कधी चार आण्यांचा नफा पाहिला नाही तो ‘घरबसल्या लक्षाधीश कसे व्हावे’ हे अर्ध्या मिनिटाच्या चित्रफितीत शिकवील आणि शिष्यगण त्यास अंगठा देऊन ऋणमुक्त होईल. एकलव्यास तो कापून द्यावा लागला होता; हल्ली नुसता दाखविला तरी पुरतो. मेषसंक्रांत मंगळवारी, म्हणून मंत्री मंगळ. हा ग्रह अग्नीचा व कलहाचा. सबब मोबाईल तापतील, कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटात चुलत्यापुतण्यांची वाग्युद्धे होतील, दोघेजण गट सोडून जातील व तिसऱ्या दिवशी मुंजीची पत्रिका पाठविण्यासाठी निमूटपणे परत येतील.

मेघेशाविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे. पूर्वी मेघ म्हणजे पाऊस देणारा. आता आपली छायाचित्रे, हिशेब, पत्रे, किंबहुना सगळी स्मृतीच ‘क्लाउड’मध्ये ठेविलेली असते, आणि हा मेघ आकाशात नसून परदेशातील एखाद्या थंड राखलेल्या कोठारात असतो. २०२५ साली ऐन नरकचतुर्दशीस, २० ऑक्टोबर रोजी, अमेरिकेच्या व्हर्जिनिया प्रांतातील ॲमेझॉनच्या अशा कोठारांत बिघाड झाला, तो जगभरचे कितीतरी व्यवहार तासन्‌तास अडून बसले. नव्या वर्षीही हा मेघ केव्हातरी फुटेल. तिथी मात्र सांगत नाही. खऱ्या मेघाची कथा याहून निराळी. २५ मे २०२५ रोजी मोसमी पाऊस देवगडापर्यंत येऊन ठेपला, नेहमीच्या मानाने कितीतरी आधी. तो लवकर येणार असे हवामानखात्याने सांगितले होते, हे मी नाकारीत नाही. परंतु सांगितल्याने झाडावरचा आंबा लवकर पिकत नाही. दुसऱ्याच दिवशी, २६ मे रोजी, दिल्लीस सहा किलोमीटरच्या चौकटीपर्यंत पावसाचे भाकीत करणाऱ्या ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’चे उद्‌घाटन झाले. वऱ्हाड जेवून उठल्यावर वाजंत्री आली म्हणावयाचे.

ज्योतिषी मागील वर्षाचे पंचांग सहसा उघडीत नाहीत. आपण उघडू. २०२१ च्या ऑक्टोबरात फेसबुकच्या कंपनीने आपले नाव बदलून ‘मेटा’ ठेविले आणि यापुढे मनुष्यजात एका आभासी नगरात वास करील असे सांगितले. त्या सुमारास आभासी भूखंडांचीही खरेदीविक्री झाली. येथे सातबाऱ्यावर वारसांची नावे चढविण्यात माणसाचे आयुष्य जाते, आणि तेथे चार घटकांत जमीनदार! त्या नगरात सध्या कोण राहतो, याची चौकशी आता फारसे कोणी करीत नाही. २०२३ च्या जुलैत ट्विटरचे ‘एक्स’ झाले. चुकलेल्या उत्तरापुढे मी आयुष्यभर जी फुली मारीत आलो, ती एखाद्याने बारशाला नाव म्हणून ठेवावी, याचे मला अजून नवल वाटते.

सध्या भर आहे तो कृत्रिम बुद्धिमत्तेवर. २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आले आणि तेव्हापासून नैसर्गिक बुद्धिमत्तेची विचारपूस कमी झाली. माझे भाकीत: विद्यार्थ्यांचे निबंध यंत्र लिहील, शिक्षकांच्या वतीने ते दुसरे यंत्र तपासील, आणि त्या दोन यंत्रांचा विद्याविनय चालू असता मुले मैदानावर खेळतील. एवढा एक लाभ पदरात पडेल. आमचा सिंधुदुर्ग तर शासनकारभारात ही बुद्धिमत्ता वापरणारा देशातील पहिला जिल्हा म्हणून २०२५ साली वर्तमानपत्रांतून गाजला. म्हणून सांगतो की या वर्षी अर्जाचे उत्तर निमिषार्धात मिळेल. उत्तर ‘उद्या या’ असेच असेल. परंतु व्याकरणशुद्ध असेल. २०२५ च्या जानेवारीपासून मत्स्यखात्याने बेकायदा मासेमारीवर नजर ठेवण्यास किनाऱ्यावर ड्रोन सोडले, त्याची थट्टा मात्र माझ्याने करवत नाही. रात्री समुद्रावर दिव्यांचा झगमगाट करून मासा ओढून नेणाऱ्या नौका आणि सकाळी रिकामी रापण ओढणारी माणसे, दोन्ही मी पाहिली आहेत. वरून पाहणाऱ्याने खाली उतरून पकडावेही, एवढीच अपेक्षा.

नक्षत्रांचे फल थोडक्यात. पंचांगात ती सत्तावीस असली तरी व्यवहारात पाचच उरली आहेत. तारकर्लीकडे ज्यांनी घरातील दोन खोल्या पाहुण्यांस राहावयास दिल्या आहेत, त्यांचे ग्रहमान ही पाच नक्षत्रे ठरवितात. एका पाहुण्याने ‘समुद्राचा आवाज रात्री फार येतो’ या सबबीवर दोन नक्षत्रे कापली. समुद्रास हे कोणी कळवावे?

आता आंबा, कारण आमच्या बाजूचा खरा ऑनलाइन व्यापार तोच. माझ्या धाकट्या भावाची देवगडाकडे शंभरेक कलमे आहेत. पूर्वी पेट्या भरून मुंबईच्या दलालाकडे जात आणि महिन्याने पट्टी येई. तीत हमाली, तोलाई, भाडे व दलाली वजा जाऊन जो आकडा उरे, तो वाचताना वहिनी देवघराकडे पाहत. पुतण्याने मोबाईलवरून पुण्यामुंबईची गिऱ्हाइके जोडली तेव्हापासून दलाल सुटला. पण नवी पीडा उभी राहिली. हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तरी कर्नाटकातला आंबाही ‘देवगड’ या नावाने खुशाल विकला जातो, आणि मोबाईलच्या चित्रात तर सगळेच आंबे देवगडचे. यावर देवगड तालुक्यातील आंबा उत्पादकांच्या सहकारी संस्थेने २०२५ सालापासून फळाफळावर क्रमांकाची चिकटपट्टी काढली. गिऱ्हाइकाने तिचे छायाचित्र व्हॉट्सॲपवर पाठवावे. यंत्र पट्टीच्या आत दडलेला आकडा विचारते. तो जुळला तर आंबा खरा. आंबा पिकण्यापूर्वी नकली पट्टी पिकेल, असे भविष्य मी तेव्हा लगेच वर्तविले होते.

भावास मात्र ही पट्टी जिव्हारी लागली. “दादा, पंधरा वर्षे माझ्या शब्दावर पेटी घेणारे लोक, ते आता मला आकडा विचारणार?” असे तो म्हणाला. पुतण्याचे म्हणणे, “बाबा, ते तुम्हांला विचारीत नाहीत, तुमच्या नावावर विकणाऱ्याला विचारतात.” मी अर्थातच भावाच्या बाजूचा. शब्दावर ज्याचा विश्वास नाही त्यास आंबा कशास द्यावा, असे एक व्याख्यानही मी दिले.

त्यानंतर, गेल्या कार्तिकात, दुपारी मी ओसरीवर एकटाच असता मोबाईल वाजला. पडद्यावर खाकी गणवेशातील एक गृहस्थ. मागे तिरंगा, टेबलावर फायलींचा ढीग. माझ्या आधारक्रमांकावर पाठविलेले एक निषिद्ध पार्सल पकडले गेले असून मला ‘डिजिटल अटक’ झाली आहे, दार लावून घ्यावे व कोणाशी बोलू नये, असे त्याने फर्माविले. असा प्रकारच कायद्यात नाही, हे पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ रोजी ‘मन की बात’मध्ये सांगितले होते आणि ते मी स्वतःच्या कानांनी ऐकले होते. तरी मी खोलीत जाऊन दार लावले. त्याने वॉरंट पाठविले. त्यात मी ऱ्हस्वदीर्घाच्या सात चुका मोजल्या. येथे तरी सावध व्हावयाचे. उलट मनात आले, ज्या अर्थी इतक्या चुका आहेत त्या अर्थी कागद सरकारीच असला पाहिजे! अडीच तास मी त्या पडद्यापुढे गुन्हेगारासारखा बसलो. ठेवीची पावती काढून क्रमांक वाचणार, तोच सूनबाई चहा घेऊन आली आणि बंद दार पाहून तिने ते ठोठाविले. माझा चेहरा पाहताच तिने काय ते ओळखले. मोबाईल माझ्या हातून काढून घेत ती त्या गृहस्थास म्हणाली, “थांबा हं, आमच्याकडे पाहुण्याला चहा घेतल्याशिवाय जाऊ देत नाहीत,” आणि तिने ते यंत्र ओट्यावर, दुधाच्या पातेल्याकडे तोंड करून ठेवून दिले. दहा मिनिटांनी अधिकाऱ्याने आपण होऊन अटक मागे घेतली. मग तिने १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदविली आणि चहा पुन्हा गरम करून आणला. त्या दिवशी मी कोणाच्या नजरेस नजर दिली नाही.

भावास यातले काही सांगावयाचे नाही, अशी मी घरात सर्वांस ताकीद दिली होती. या महिन्यात त्याची पहिली पेटी आली. आढीच्या गवतावर भावाच्या हातची चिठ्ठी होती: “दादा, आकडा जुळवून पाहा.” मी चष्मा लावून, नातीस जवळ बसवून, चोवीसही आंब्यांचे आकडे जुळवून पाहिले.

राहता राहिला अधिक मास. यंदा ज्येष्ठ अधिक आहे, १७ मेपासून १५ जूनपर्यंत. जावयास तेहेतीस अनारशांचे वाण द्यावयाचे. ते ‘अधिकमास संच’ या नावाने घरपोच मिळतील अशा जाहिराती येतील. भाकीत असे की तेहेतिसांपैकी चार फुटलेले निघतील, संच निज ज्येष्ठात पोहोचेल, आणि तो परत करण्याची मुदत अधिकातच संपलेली असेल. आमच्या घरी तांदूळ भिजत घालावयाचे ठरले आहे.

हे सारे भटजीबुवांस आधी वाचून दाखविले. ते शांतपणे हसले व म्हणाले, “मास्तर, दक्षिणेचे फल लिहायचे राहिले.” गेल्या पाडव्यापासून त्यांनी पळीपंचपात्राशेजारी एक चौकोनी फलक व त्याला जोडलेला बोलका डबा ठेविला आहे. गेल्या वर्षी मी आपली दक्षिणा हळूच, कोणास न कळत, मोबाईलवरून पाठविली, आणि तो डबा सतरा माणसांदेखत खणखणीत स्वरात म्हणाला, “एकवीस रुपये प्राप्त झाले.” या वर्षी निदान एकशे एक तरी द्यावे, असे सौभाग्यवतींचे मत आहे.