चषक घरात, कर्ज दारात



कारखान्याच्या मासिकात फुटबॉल कशापायी, असे काही जण विचारतील. कोल्हापूर जिल्ह्यातल्या माणसाला फुटबॉल नवा नाही. ऊस काट्यावर घालून शाहू स्टेडियमवर तालमीचा सामना गाठणारे कितीतरी सभासद आपल्यात आहेत. पण आज आम्ही खेळाबद्दल लिहीत नाही. मैदानावरच्या यशाने एका क्लबाच्या तिजोरीचे आणि त्याच्या माणसांचे काय झाले, त्याबद्दल लिहितो आहोत. गोष्ट इंग्लंडातली आहे, पण वाचता वाचता आपलीच वाटेल.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर पोर्ट्समथ हे आरमारी बंदराचे शहर आहे. तिथल्या क्लबाचे मैदान फ्रॅटन पार्क. जुने, वस्तीत अडकलेले, जेमतेम वीस हजार माणूस मावेल एवढे. हा क्लब २००३ साली सर्वांत वरच्या श्रेणीत, म्हणजे प्रीमियर लीगमध्ये चढला. १७ मे २००८ रोजी त्याने कार्डिफ सिटीला १-० असे हरवून एफ. ए. कप जिंकला. याआधी हा चषक त्यांना १९३९ साली मिळाला होता. आजोबांनी पाहिलेले नातवाने पाहिले. त्याच वर्षी नोव्हेंबरात इटलीचा ए. सी. मिलानसारखा बलाढ्य संघ त्या जुन्या मैदानावर आला आणि २-२ अशा बरोबरीवर परत गेला. बाहेरून बघणाऱ्याला वाटावे, क्लबाचे सोने झाले.

आता आतले बघा. वीस हजारांच्या मैदानाची तिकिटे विकून नामवंत खेळाडूंचे पगार निघत नसतात. ते निघत होते दूरचित्रवाणीच्या पैशातून, आणि उरलेले मालकाच्या खिशातून व कर्जातून. मालकाचा हात आखडला तसे सगळे उघडे पडले. जानेवारी २००९ मध्ये डेफो आणि दियारा हे दोन मोठे खेळाडू विकावे लागले. २००९-१० च्या एकाच हंगामात क्लबाने चार मालक पाहिले. खेळाडूंचे पगार थकले, सरकारी कर थकला. फेब्रुवारी २०१० मध्ये क्लबावर प्रशासक आला. प्रशासक म्हणजे काय हे आपल्याला वेगळे सांगायला नको! प्रीमियर लीगमध्ये असताना ही वेळ आलेला तो पहिला क्लब. शिक्षा म्हणून नऊ गुण कापले गेले आणि क्लब खालच्या श्रेणीत घसरला. देणे होते सुमारे बारा कोटी पौंड. आणि गंमत म्हणा की दुर्दैव, त्याच हंगामात हा दिवाळखोर संघ पुन्हा एफ. ए. कपाच्या अंतिम सामन्यात होता. तिथे चेल्सीने त्याला हरवले.

यात सर्वांत वाईट गोष्ट देणेकऱ्यांच्या यादीत होती. तिथल्या लीगच्या नियमाप्रमाणे खेळाडूंचे आणि इतर क्लबांचे देणे पूर्ण भागवावे लागते. बाकीच्यांना ठरले पौंडाला वीस पेन्स, तेही पाच वर्षांत. या बाकीच्यांत शहरातले छोटे व्यापारी होते, आणि मैदानावर प्रथमोपचार करणारी सेंट जॉन अॅम्ब्युलन्स ही सेवाभावी संस्थाही होती. ती पाच वर्षे पुरी व्हायच्या आतच, २०१२ साली, दुसऱ्यांदा प्रशासक आला. मिरवणुकीत पुढे कोण होते, आणि शेवटी पैसा कोणाचा बुडाला, हे ज्याने त्याने ओळखावे.

यशाने पैसा येतो, हे आम्ही नाकारत नाही. जिंकणाऱ्या संघाला बक्षीस मिळते, तिकिटे खपतात, नवा पाठीराखा येतो. पण यशाचा खर्च आधी बांधला जातो आणि उत्पन्न मागून येते. खेळाडूचा करार तीन-चार वर्षांचा असतो. संघ खालच्या श्रेणीत गेला की उत्पन्न त्याच वर्षी आटते, करार मात्र तसाच राहतो. आपल्याकडे उतारा चांगला पडला, साखरेला भाव आला, की विस्तारवाढीचे कर्ज काढायला हात लगेच सैल होतो. पुढल्या साली पाऊस दगा देतो. ऊस कमी होतो, हप्ता कमी होत नाही.

आता गोष्टीचा दुसरा भाग. २०१३ साली क्लब तिसऱ्या श्रेणीतून चौथ्या श्रेणीत कोसळत होता. कोणी शहाणा धनिक जवळ येईना. तेव्हा पाठीराख्यांची संस्था पुढे आली, आणि हजार पौंडांचा एक भाग याप्रमाणे हजारो सामान्य माणसांनी पैसे घातले. भाग किती का असेनात, संस्थेत मत एकच. ही भाषा आपल्या ओळखीची आहे! काही सधन पाठीराख्यांनी मोठ्या रकमा घालून साथ दिली. एप्रिल २०१३ मध्ये क्लब आणि मैदान पाठीराख्यांच्या ताब्यात आले. त्यानंतरच्या हंगामात, चौथ्या श्रेणीत, फ्रॅटन पार्कवर सरासरी पंधरा हजारांवर माणूस येत होता. चषक नाही, मिलान नाही, नाव घ्यावे असा खेळाडू नाही. तरी माणूस येत होता. २०१४ च्या सप्टेंबरात जुने वारसाचे कर्ज फिटले. २०१७ साली क्लबाने चौथी श्रेणी जिंकली.

आमच्या मते या साऱ्या गोष्टीचे मर्म इथे आहे. यशाने आलेला पाठीराखा अपयशात निघून जातो. मालकीने आलेला पाठीराखा अपयशात राहतो, कारण जाणार कुठे? घर त्याचेच असते.

पण गोष्ट इथे गोड करून संपवली तर ती खोटी होईल. यश परत आले तसा प्रश्नही परत आला. मैदान जुने, दुरुस्तीला मोठा पैसा हवा, वरच्या श्रेणीत टिकायचे तर भांडवल हवे. त्याच २०१७ साली मायकेल आयस्नर या अमेरिकन उद्योगपतीची मागणी आली. हा गृहस्थ पूर्वी डिस्ने कंपनीचा प्रमुख होता. भागधारकांनी मतदान केले, आणि बहुमताने विकायचे ठरले. किंमत छप्पन लाख सत्तर हजार पौंड. पुढे २०२४ साली क्लब तिसरी श्रेणी जिंकून दुसऱ्या श्रेणीत परतला. तेव्हा त्या माणसांनी चूक केली, असे म्हणायचे धाडस आम्ही करणार नाही. त्यांनी विकले ते डोळे उघडे ठेवून, हिशेब बघून, मत टाकून विकले. लिलावात गेले नाही. आपल्या राज्यात कितीतरी सहकारी कारखाने कर्जापायी लिलावात खाजगी मालकांकडे गेले. तिथल्या सभासदाला कोणी मत विचारले? हा फरक लहान नाही.

आता जरा आपल्या अंगणात बघू. ज्या साली दर चांगला, त्या साली आपली वार्षिक सभा किती वेळ चालते? अहवाल वाचायच्या आधीच मागून आवाज येतो, "मंजूर, मंजूर!" ताळेबंद उघडूनही न बघता आपण जेवणाच्या पंगतीला बसतो. ज्या साली दर शेजारच्यापेक्षा कमी, त्या साली मात्र दोन गोष्टी होतात. सभेत खुर्च्या हलतात, आणि रात्रीत फडातला ऊस दुसऱ्याच्या गव्हाणीत जाऊन पडतो. म्हणजे बऱ्या काळात आपण प्रश्न विचारत नाही आणि वाईट काळात साथ देत नाही. पोर्ट्समथचा पाठीराखा २००८ साली पहिली चूक करून बसला. दुसरी त्याने केली नाही, म्हणून क्लब वाचला.

काही मंडळी म्हणतील, दर नाही तर निष्ठा घेऊन काय करायचं? पोराची फी निष्ठेने भरता येते व्हय? प्रश्न रास्त आहे. कमी दराचे समर्थन करायला आम्ही बसलेलो नाही; संघाला जिंकावेच लागते, कारखान्याला दर द्यावाच लागतो. आमचे म्हणणे इतकेच, की दर कशातून दिला हे विचारा. साखर विकून दिला, की गोदामातल्या साखरेवर उचल काढून दिला? राखीव निधीत काही पडले, की होते तेही गेले?

येत्या सभेला अहवाल घरून वाचून या. कर्जाचे पान आधी काढा, दराचे नंतर. आणि हंगाम पडता असेल तर ऊस आपल्याच गव्हाणीत घाला, मग हक्काने उभे राहून जाब विचारा. ऊस बाहेर घालणाऱ्याचा आवाज सभेत चढत नाही, हे आपण सर्वांनी पाहिले आहे.

चषक कपाटात राहतो, कर्ज मात्र व्याजासह चालत राहते.