लढाई त्यांची, निवडणूक त्यांची. पट्टी मात्र कास्तकाराची

कोणत्या देशाशीं दोस्ती करावी, कोणाशीं लढावें, कोणाशीं कोणता करार करावा, हा मोठ्या डोक्यांचा विषय आहे. कुणब्यानें आपला वखर पाहावा, तेल्यानें घाणा पाहावा आणि सुतारानें वाकस पाहावा, असें आम्हांस शहाणीं माणसें पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलीं आहेत. पूर्वीं हेंच वेदांबद्दल सांगत असत. वेद तुमच्या कानीं पडूं नयेत, पण दक्षणा मात्र तुमच्या हातून पडावी! आतां परराष्ट्रधोरणाचा वेद झाला आहे. तो दिल्लींत आणि वॉशिंग्टनांत म्हटला जातो, त्याचा अर्थ सांगणारे टीव्हीच्या पडद्यावर बसतात, आणि दक्षणा खामगांव, मलकापूर, चिखली, मेहकर येथल्या बाजारांत आमच्याकडून वसूल होते. ही दक्षणा केव्हांपासून आणि कोणत्या मंत्रानें घेतली जाते, याचा हिशेब आज आम्ही मांडणार आहोंत.

बंधूंनो, आपला वऱ्हाड इंग्रजांकडे कसा गेला, हें प्रथम लक्षांत घ्या. हैदराबादच्या निजामाच्या नांवावर ‘हैदराबाद कंटिन्जंट’ म्हणून एक फौज होती. हुकूम इंग्रज अधिकाऱ्यांचा, पगार निजामाचा. पगार थकला, कर्ज चढलें, आणि १८५३ च्या तहानें वऱ्हाडचा वसूल त्या फौजेच्या खर्चासाठीं कंपनी सरकारच्या ताब्यांत दिला गेला. पुढें १९०२ सालीं हाच प्रांत सालीना २५ लाख रुपयांच्या बोलीनें कायमच्या पट्ट्यानें घेण्यांत आला. बुलढाण्याच्या कास्तकाराला यांतलें एक अक्षर तरी कोणीं विचारलें होतें काय? फौज त्याची नव्हती, शत्रु त्याचा नव्हता, तह त्याचा नव्हता. सारा तेवढा त्यानें भरावयाचा होता.

त्या तहानंतर सात वर्षांनीं, १८६० च्या नोव्हेंबरांत, अमेरिकेंत अब्राहम लिंकन अध्यक्ष निवडून आले. गुलाम बाळगणारीं दक्षिणेकडील संस्थानें फुटून निघालीं आणि १८६१ च्या एप्रिलांत तेथें यादवी पेटली. त्या यादवीच्या शेवटीं गुलामगिरी मोडली, हें मानवजातीवर उपकार झाले. जोतीराव फुले यांनीं आपलें ‘गुलामगिरी’ हें पुस्तक १८७३ सालीं त्या कामीं झटलेल्या अमेरिकन लोकांसच अर्पण केलें आहे. परंतु त्या लढाईची दुसरी बाजू आपल्या शेतांत उगवली, ती कोणी सांगत नाहीं. उत्तरेच्या आरमारानें दक्षिणेचीं बंदरें कोंडलीं, विलायतेच्या गिरण्यांस कापूस मिळेना, आणि सगळ्यांची नजर वऱ्हाडच्या काळ्या मातीवर आली. कापसाचे भाव कधीं नव्हते एवढे चढले. ज्वारीच्या वावरांत पऱ्हाटी शिरली. कच्चा कापूस विलायतेस चालला तेव्हां आपल्याच कोष्ट्या-साळ्यांस सूत परवडेना; त्यांचे माग धूळ खाऊं लागले.

१८६४ सालीं, ऐन लढाईंत, अमेरिकेंत पुन्हां अध्यक्षाची निवडणूक आली. वाद एकच होता: लढाई चालवावयाची कीं थांबवावयाची? लिंकन यांच्या विरुद्ध पक्षानें ऑगस्टअखेर शिकागोच्या सभेंत लढाई थांबविण्याची मागणी केली आणि मॅक्लेलन या सेनापतीस उभें केलें. गंमत अशी कीं, त्या सेनापतीनें आपल्याच पक्षाच्या त्या मागणीपासून अंग काढून घेतलें. तिकडे हा वाद चालला असतां इकडे कापसाचा व्यापारी कोणता जप करीत होता? लढाई चालूं राहो! शांततेची नुसती वावडी उठली तरी लिव्हरपूलचा भाव घसरे. परक्याच्या घराच्या आगीवर आपली भाकर भाजणारा तो वर्ग होता. नोव्हेंबरांत लिंकन पुन्हां निवडून आले, १८६५ च्या एप्रिलांत लढाई संपली आणि मुंबईचा शेअरबाजार त्याच उन्हाळ्यापावसाळ्यांत कोसळला. बुडालेल्या धनिकांचीं नांवें इतिहासांत छापलीं आहेत. तेजीच्या भरंवशावर सावकाराकडे अंगठा उठविणाऱ्या कुणब्याचें नांव कोठेंच छापलें नाहीं. कापूस नेण्यासाठीं १८७० सालीं खामगांवास आगगाडी आली. परंतु १८९६–९७ आणि १८९९–१९०० या दोन दुष्काळांत त्याच कापसाच्या मुलखांत माणसें अन्नावांचून मेलीं. ज्वारीचें पेव रिकामें होतें. कापूस खातां येत नाहीं.

कोणी म्हणेल, या जुन्या गोष्टी झाल्या. आतां जग सुधारलें. तर अमेरिकेच्याच पुढल्या निवडणुका पाहूं. १९१६ सालीं विल्सन यांचा प्रचार असा होता कीं, यांनीं देशाला युद्धाबाहेर ठेवलें. निवडून आले, आणि १९१७ च्या एप्रिलांत अमेरिका महायुद्धांत उतरली. १९६४ सालीं जॉन्सन यांनीं आमचीं पोरें आशियांतल्या लढाईस पाठविणार नाहीं असें सांगून प्रचंड बहुमत मिळविलें. १९६५ च्या मार्चांत त्यांच्या लढाऊ पलटणी व्हिएटनामांत उतरल्या. २०२४ सालीं ट्रम्प यांनीं युक्रेनची लढाई २४ तासांत मिटविण्याची भाषा केली. २०२५ साल उलटलें, ती लढाई चालूच राहिली. उलट त्याच सालच्या जूनमध्यें त्यांच्या विमानांनीं इराणांतल्या अणुठिकाणांवर बाँब टाकले. मतदानापूर्वीं कबुतर आणि मतदानानंतर तोफ, असा हा शंभर वर्षांचा रिवाज आहे. तेथली सामान्य जनता लढाईस कंटाळलेली असते, म्हणूनच शांततेच्या नांवावर मतें मिळतात. मतें लोकांचीं आणि निर्णय दुसऱ्यांचा, हें दुखणें एकट्या भारताचें नाहीं.

आतां हिशेबाचें ताजें पान उघडा. २०२२ च्या फेब्रुवारींत रशिया-युक्रेन लढाई जुंपली. त्याच सालीं डी.ए.पी.ची गोणी १२०० वरून १३५० रुपयांवर गेली आणि पोटॅशची १७०० वर. आमच्या वावरापासून हजारों मैलांवर तोफ उडाली, आणि तिचा धूर आमच्या खताच्या पावतीवर निघाला. पुढें ट्रम्प सरकारनें २०२५ च्या ऑगस्टांत आपल्या मालावर आधीं २५ टक्के आणि, रशियाचें तेल हिंदुस्थान घेतो म्हणून दंड असें सांगून, २७ ऑगस्टपासून आणखी २५ टक्के, मिळून ५० टक्के जकात बसविली. अमेरिका ही आपल्या कापडाची सर्वांत मोठी गिऱ्हाईक. त्यामुळें गिरणीवाले ओरडले. त्यांचें ओरडणें दिल्लीस तात्काळ ऐकूं गेलें. परदेशी कापसावर जी ११ टक्के जकात होती, ती १९ ऑगस्टपासून उठली. प्रथम मुदत ३० सप्टेंबरपर्यंत होती. मग ती ३१ डिसेंबरपर्यंत वाढली.

कास्तकार बंधूंनो, या तारखा नीट वाचा. आपली वेचणी केव्हां सुरू होते? दसऱ्याच्या आसपास. घरांत कापूस केव्हां येतो? ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर. नेमके तेच महिने परक्या कापसाला दार सताड उघडें! त्या सालीं सरकारचा हमीभाव मध्यम धाग्यास ७७१० आणि लांब धाग्यास ८११० रुपये क्विंटल होता. पण हमीभाव मिळण्यासाठीं मोबाईलवर नोंदणी पाहिजे, आणि कापसांत ओल १२ टक्क्यांच्या आंत पाहिजे. सप्टेंबरांत अतिवृष्टीनें बोंडें भिजलीं, ती ओल कोणाच्या बापाच्या सांगण्यानें आली होती? सोयाबीनचीही तीच गत. ३० मे २०२५ रोजीं बाहेरून येणाऱ्या कच्च्या खाद्यतेलावरची मूळ जकात २० वरून १० टक्क्यांवर आणली गेली, आणि ५३२८ रुपये हमीभावाचें सोयाबीन दिवाळीच्या तोंडावर हमीभावाखालीं विकावें लागलें. ओहायो आणि पेन्सिल्वेनियांत कोणी मत दिलें, मॉस्कोंत कोणी तेल विकलें, दिल्लींत कोणी सही केली. आणि पट्टी निघाली ती खामगांवच्या बाजार समितींत आमच्या नांवाची.

हा झाला परदेशाचा हिशेब. आतां आपल्या घरच्या निवडणुकीकडे वळूं.

१४ फेब्रुवारी २०१९ रोजीं पुलवामा येथें केंद्रीय राखीव पोलीस दलाचे ४० जवान मारले गेले. त्यांत दोघे आपल्या जिल्ह्याचे होते. एक मलकापूर तालुक्यांतला, दुसरा लोणार तालुक्यांतला. अख्खा जिल्हा रडला. २६ फेब्रुवारीस बालाकोटवर विमानें गेलीं. ९ मार्चला निवडणूक आयोगानें सर्व पक्षांस बजावलें कीं, प्रचारांत जवानांचीं छायाचित्रें वापरूं नका. आणि बरोबर एक महिन्यानें, ९ एप्रिलला, लातूर जिल्ह्यांतल्या औसा येथें पंतप्रधान मोदी यांनीं पहिल्यांदा मत देणाऱ्या तरुणांस विचारलें कीं, तुमचें पहिलें मत बालाकोटच्या वीरांस आणि पुलवामाच्या हुतात्म्यांस अर्पण होईल काय? आयोगानें त्या भाषणांत आचारसंहितेचा भंग नाहीं असें ठरविलें. पण तेथेंही तिघांचें एकमत झालें नाहीं. दुसरा पक्षही मागें राहिला नाहीं. काँग्रेसनें मे महिन्यांत आपल्या राजवटींतल्या सहा सर्जिकल कारवायांची यादी काढून दाखविली. त्या सालीं महाराष्ट्रांत १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर होता, त्यांत आपल्या जिल्ह्यांतलेही तालुके होते. १८ एप्रिलला बुलढाण्याचें मतदान झालें. पाण्याचा टँकर, चारा, कापसाचा भाव यांवर बोलणाऱ्याचा आवाज त्या तोफांच्या गजरांत कोणास ऐकूं गेला?

आम्ही विचारतों, जवान मेला तो कोणाच्या घरचा? ज्यांच्या तोंडांत लढाईची भाषा सर्वांत मोठी, त्यांच्या घरचा कीं कोरडवाहू वावर असलेल्या कुणब्याच्या, बंजाऱ्याच्या, धनगराच्या, महाराच्या घरचा? पोरगा पहाटे उठून डांबरी रस्त्यावर धांवतो, कारण बापाच्या तीन एकरांत दोन भावांचें पोट भरत नाहीं. त्याच्या शौर्याला आम्ही मुजरा करतों. परंतु मुजऱ्यानें चूल पेटत नाहीं. १ जानेवारी २००४ नंतर केंद्रीय राखीव पोलीस दलांत भरती झालेल्यांस जुन्या पद्धतीचें निवृत्तिवेतन सरकारनें ठेवलें नाहीं. तें मिळावें म्हणून त्यांस कोर्टाची पायरी चढावी लागली. २०२२ च्या जूनमध्यें ‘अग्निपथ’ आलें: चार वर्षें नोकरी, शंभरांतले फार तर पंचवीस कायम, बाकीचे एक रक्कम घेऊन घरीं, निवृत्तिवेतन नाहीं. ज्यांच्या नांवानें मतें मागावयाचीं त्यांनाच चार वर्षांच्या करारावर ठेवावयाचें, ही कोणती देशभक्ति?

हें लिहिलें म्हणून आम्हांस देशद्रोही म्हणणारे निघतीलच. त्यांस आमचें उत्तर सोपें आहे. हा सिंदखेड राजाचा जिल्हा आहे. जिजाऊंच्या माहेरच्या मातीला शौर्याचे धडे कोणीं देऊं नयेत. देशावर कोणी चालून आला तर कास्तकाराचें पोरगें सर्वांच्या पुढें असतें, आणि तें भाषण करीत नाहीं. पण जिजाऊंच्याच पुत्रानें १६७४ सालीं चिपळूणच्या छावणींतल्या आपल्या अंमलदारांस ताकीद दिली होती कीं, रयतेच्या दाण्यास, लांकडास, भाजीपाल्यास उपद्रव द्याल तर रयत तुम्हांस मोंगलांहून वाईट मानील. स्वराज्यांत फौज रयतेसाठीं होती. देशाचें रक्षण वेगळें आणि रक्षणाचा लिलाव वेगळा. हा लिलाव आम्हांस मान्य नाहीं, आणि परक्यांच्या लढाईवर भाव चढावा अशी १८६४ च्या व्यापाऱ्याची वासनाही आम्हांस नको. शेजारचा किंवा सातासमुद्रांपलीकडचा कास्तकार मेल्यानें आमचें कधीं भलें झालें नाहीं.

मग करावें काय? आपल्या राज्यघटनेंत परदेशाशीं करार करण्यापूर्वीं संसदेची मंजुरी घेण्याची सक्ती नाहीं. म्हणून हा विषय उमेदवार दारांत उभा असतांनाच काढला पाहिजे. त्याला चार प्रश्न विचारा.

१. कापूस, सोयाबीन, तूर घरांत येण्याच्या महिन्यांत परदेशी मालावरची जकात उतरवूं देणार नाहीं, असें तूं संसदेंत बोलशील काय?

२. परदेशाशीं व्यापाराचा करार सहीपूर्वीं संसदेंत आणि मराठींत आमच्यापुढें ठेवण्याची मागणी करशील काय?

३. जवानाचें निवृत्तिवेतन आणि कायम नोकरी यांवर तुझें मत काय?

४. मेलेल्या जवानाचें नांव आणि फोटो तुझ्या प्रचारांत येणार नाहीं, असें लिहून देशील काय?

हेच चार ठराव १५ ऑगस्टच्या आणि २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेंत मांडा, इतिवृत्तांत लिहवून घ्या, त्याची नक्कल तहसीलदाराकडे पाठवा. आयाबहिणींनींही हात वर करावा. कारण जवान गेला तर कुंकू त्यांचें जातें आणि भाव पडला तर डोरलें त्यांचें गहाण पडतें. सभेंत कोणी ‘हा तुमचा विषय नाहीं’ म्हणाला, तर बाजार समितीची पट्टी, खताची पावती आणि पोराचा भरतीचा कागद हे तिन्ही त्याच्यापुढें ठेवा आणि विचारा, ‘मग यांवर नांव कोणाचें आहे?’