बंदूक नको, समुपदेशक पाठवा

16 सप्टेंबर 2017 च्या रात्री अटलांटा शहरातल्या जॉर्जिया टेक विद्यापीठाच्या आवारातून पोलिसांना फोन गेला. एक संशयित माणूस फिरतो आहे, त्याच्याकडे चाकू आहे, कदाचित पिस्तूलही असेल, असे फोनवर सांगण्यात आले. फोन करणारी व्यक्ती आणि तो संशयित माणूस एकच होते : स्काउट शुल्ट्झ, वय 21, संगणक अभियांत्रिकीच्या चौथ्या वर्षाचे विद्यार्थी. विद्यापीठाचे पोलीस पोचले तेव्हा शुल्ट्झ अनवाणी उभे होते. हातात लहानसहान दुरुस्तीची अवजारे एकत्र जोडलेली खिशात मावेल अशी वस्तू होती आणि तिचे पाते मिटलेले होते. पोलीस ती खाली टाकायला ओरडून सांगत राहिले. शुल्ट्झ ‘मला गोळी घाला’ म्हणत पुढे पाऊल टाकत राहिले. एका अधिकाऱ्याने गोळी झाडली. नंतर वसतिगृहाच्या खोलीत चिठ्ठ्या सापडल्या. मानसिक संकटात सापडलेल्या माणसाशी कसे बोलावे, याचे खास प्रशिक्षण त्या अधिकाऱ्याला मिळालेले नव्हते. त्याच्यावर खटला झाला नाही.

मनाने मोडलेल्या विद्यार्थ्यासमोर रात्री पहिल्यांदा जो माणूस येऊन उभा राहतो, त्याच्या कमरेला पिस्तूल का असावे? अमेरिकेतल्या विद्यापीठांत गेली काही वर्षे विद्यार्थी जी मागणी करत आहेत, तिच्या मुळाशी हा प्रश्न आहे. कॅम्पस पोलिसांवरचा खर्च कमी करा आणि तो पैसा समुपदेशन, निवास आणि अडचणीतल्या विद्यार्थ्यांच्या मदतीसाठी वापरा, अशी ती मागणी. मे 2020 मध्ये मिनिआपोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइड यांचा पोलिसांच्या हातून मृत्यू झाला आणि ही मागणी एकदम ऐरणीवर आली. दुसऱ्याच दिवशी मिनेसोटा विद्यापीठातल्या विद्यार्थी संघटनेच्या अध्यक्ष जेल केरांडी यांनी विद्यापीठाच्या प्रमुखांना पत्र लिहिले : शहर पोलिसांशी संबंध तोडा आणि 24 तासांत उत्तर द्या. 27 मे रोजी उत्तर आले. फुटबॉलचे सामने आणि मोठ्या कार्यक्रमांच्या बंदोबस्तासाठी शहर पोलिसांची जादा कुमक यापुढे घेणार नाही, असे विद्यापीठाने जाहीर केले. विद्यार्थ्यांचा तो मोठा विजय होता. पण विद्यापीठाचे स्वतःचे सशस्त्र पोलीस दल होते तसेच राहिले.

आपल्याकडच्या वाचकाला हे स्वतःचे पोलीस दल प्रकरण नवे वाटेल. पुणे किंवा मुंबई विद्यापीठाच्या फाटकावर सुरक्षारक्षक असतात. काही गंभीर घडले तर जवळच्या पोलीस ठाण्यातून माणसे येतात. अमेरिकेत तसे नाही. तिथे अनेक विद्यापीठांचे पोलीस पूर्ण अर्थाने पोलीस असतात. ते अटक करतात, गाड्या थांबवतात, बंदूक बाळगतात, आणि कितीतरी ठिकाणी त्यांची हद्द आवाराच्या कुंपणाबाहेरच्या वस्तीतही पसरलेली असते. याची सुरुवात 1894 मध्ये येल विद्यापीठात दोन पोलिसांपासून झाली असे मानतात. खरी वाढ झाली ती 1960-70 च्या दशकांत, व्हिएतनाम युद्धाविरुद्ध विद्यार्थी रस्त्यावर उतरले तेव्हा. 4 मे 1970 रोजी केंट स्टेट विद्यापीठात नॅशनल गार्डच्या सैनिकांच्या गोळीबारात चार विद्यार्थी ठार झाले. बाहेरचे सैनिक बोलावण्यापेक्षा आपले, विद्यार्थ्यांना ओळखणारे पोलीस बरे, असा विचार त्या काळात बळावला. विचार चांगल्या हेतूचा होता. पण दल एकदा उभे राहिले की त्याला गाड्या लागतात, शस्त्रे लागतात, नवी माणसे लागतात. 2011-12 च्या सरकारी पाहणीनुसार, 2,500 किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या चार वर्षांच्या शिक्षणसंस्थांपैकी सुमारे 75 टक्के ठिकाणी सशस्त्र अधिकारी होते. 2004-05 मध्ये हेच प्रमाण 68 टक्के होते. 2013 मध्ये तर ओहायो स्टेट विद्यापीठाच्या पोलिसांनी लष्कराकडून सुरुंगालाही दाद न देणारे चिलखती वाहन मिळवले. विद्यार्थ्यांना ओळखणाऱ्या पोलिसाला असले वाहन कशाला हवे होते?

पैसा कसा आणि कुठे जातो, हे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस आवारात स्पष्ट दिसले. 18 नोव्हेंबर 2011 रोजी काही विद्यार्थी एकमेकांच्या हातात हात गुंफून पायवाटेवर बसले होते. फीवाढीचा निषेध हा त्यांच्या आंदोलनाचा एक भाग होता. विद्यापीठाचा एक पोलीस अधिकारी त्या रांगेसमोरून चालत गेला आणि बसलेल्या मुलांच्या तोंडावर जळजळीत फवारा मारत राहिला. ते चित्रण जगभर पाहिले गेले. पुढे 21 जणांना प्रत्येकी 30,000 डॉलर भरपाई द्यावी लागली. वकिलांचा खर्च धरून समझोता 10 लाख डॉलरचा झाला. त्या अधिकाऱ्यालाही, या घटनेमुळे मानसिक त्रास झाला म्हणून, 38,000 डॉलरहून अधिक भरपाई मिळाली. आणि इंटरनेटवर विद्यापीठाचे नाव शोधले की तो प्रसंग वर येऊ नये यासाठी विद्यापीठाने सल्लागार कंपन्यांना किमान 1,75,000 डॉलर दिल्याचे 2016 मध्ये उघड झाले. फी वाढू नये म्हणून बसलेल्या मुलांच्या विद्यापीठात हा पैसा असा गेला. यातल्या शेवटच्या रकमेत दोन-तीन समुपदेशकांचा वर्षाचा पगार निघाला असता, हे लिहितानाही संताप येतो.

या सगळ्यात सर्वांत जास्त शिकवून जाते ते पोर्टलंड स्टेट विद्यापीठ. ओरेगन राज्यातले हे शहरी विद्यापीठ. तिथे 2014 पर्यंत विद्यापीठाचे सुरक्षा अधिकारी निःशस्त्र होते. डिसेंबर 2014 मध्ये विश्वस्त मंडळाने सशस्त्र पोलीस दलाचा ठराव मंजूर केला. विद्यार्थ्यांनी आणि अनेक प्राध्यापकांनी विरोध केला. बंदूक आली की आज ना उद्या कोणाचा तरी जीव जाईल आणि तो बहुधा कृष्णवर्णीय असेल, असे ते जाहीरपणे सांगत होते. 29 जून 2018 च्या पहाटे तेच झाले. आवाराला लागून असलेल्या एका बारबाहेर मारामारी सुरू होती. जेसन वॉशिंग्टन, वय 45, एके काळी नौदलात काम केलेले टपाल कर्मचारी, ती सोडवायला मध्ये पडले होते. मित्राचे पिस्तूल त्यांनी आपल्याकडे ठेवले होते. त्यांच्याकडे परवाना होता. झटापटीत ते पिस्तूल खाली पडले, वॉशिंग्टन ते उचलायला वाकले आणि विद्यापीठाच्या दोन पोलिसांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. भांडण सोडवणारा माणूस मेला. ग्रँड ज्युरीने कोणावरही आरोप ठेवला नाही. कुटुंबाला पुढे 10 लाख डॉलर मिळाले.

यानंतरही विद्यापीठ लगेच बदलले नाही. 2019 मध्ये सशस्त्र अधिकारी ठेवण्याचाच निर्णय झाला. ऑगस्ट 2020 मध्ये, देशभर आंदोलन पेटल्यावर, विद्यापीठाने जाहीर केले की यापुढे गस्त निःशस्त्र असेल. 2021 मध्ये ती सुरू झाली. 2023 मध्ये, शहरात आणि आवाराजवळ शस्त्रे बाळगणारी माणसे वाढली असे कारण देऊन, अधिकारी पुन्हा बंदुका घेऊन गस्तीला निघाले. निःशस्त्र गस्तीचा प्रयोग फसला, असे म्हणणाऱ्यांना मी विचारेन की आजूबाजूच्या सगळ्या शहरात बंदुका असताना एकट्या विद्यापीठाने दोन वर्षांत काय सिद्ध करायला हवे होते? मनाच्या आजारावर, बेघरपणावर, व्यसनावर काम करणारी माणसे नेमायला वेळ लागतो, आणि त्या माणसांचे काम दिसायला त्याहून जास्त. पोलिसांना दशके दिली. त्यांच्याऐवजी आलेल्यांना निदान काही वर्षे तरी द्यायला हवीत.

आक्षेप घेणाऱ्यांचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. 16 एप्रिल 2007 रोजी व्हर्जिनिया टेक विद्यापीठात एका विद्यार्थ्याने 32 जणांना ठार केले. अशा वेळी निःशस्त्र समुपदेशक काय करणार, हा प्रश्न बरोबर आहे. त्या क्षणी सशस्त्र पोलीसच लागतो. पण त्या घटनेआधीचा घटनाक्रम नीट पाहावा. त्या विद्यार्थ्याच्या लिखाणाने शिक्षक धास्तावले होते. डिसेंबर 2005 मध्ये त्याला बाह्यरुग्ण म्हणून उपचार घेण्याचा न्यायालयीन आदेश झाला होता. तो विद्यापीठाच्या समुपदेशन केंद्रात गेलाही. पुढे मात्र त्याचा पाठपुरावा कोणी केला नाही, आणि चौकशी समितीने हेच ठळकपणे नोंदवले. अडचणीतल्या विद्यार्थ्याला धरून ठेवणारी यंत्रणा कमी पडली, तिचा परिणाम त्या सकाळी दिसला. म्हणून व्हर्जिनिया टेकचे नाव घेऊन जो कोणी फक्त बंदुका वाढवा म्हणतो, त्याने तो चौकशी अहवाल पुन्हा वाचावा.

दुसरा आक्षेप मुलींच्या सुरक्षिततेचा, आणि तो मला जास्त गंभीर वाटतो. 1986 मध्ये लीहाय विद्यापीठाच्या वसतिगृहात जीन क्लेरी या विद्यार्थिनीवर बलात्कार करून तिचा खून करण्यात आला. तिच्या आईवडिलांनी लढा दिला आणि 1990 मध्ये आवारातले गुन्हे जाहीर करण्याची सक्ती करणारा कायदा आला. रात्री ग्रंथालयातून खोलीवर जाणाऱ्या मुलीला सोबत हवी, उजेड हवा, हाक मारल्यावर धावून येणारे कोणीतरी हवे. मात्र यातल्या बहुतेक गोष्टींना पिस्तूल लागत नाही. सोबत करणारे कर्मचारी लागतात, रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या गाड्या लागतात, आणि अत्याचार झाल्यावर तिचे म्हणणे विश्वासाने ऐकणारी, तिच्याबरोबर इस्पितळात जाणारी व्यक्ती लागते. पोलिसांकडे जायचे की नाही, हे तिला ठरवू द्यावे.

माझे मत असे आहे की विद्यापीठाच्या रोजच्या गस्तीवरचे पिस्तूल काढावे. गोळीबारासारख्या प्रसंगासाठी छोटे, उत्तम प्रशिक्षित पथक ठेवावे किंवा शहर पोलिसांवर भिस्त ठेवावी. मन सैरभैर झाले, दारू जास्त झाली, खोलीतल्या साथीदाराशी भांडण झाले, राहायला जागा उरली नाही, अशा फोनवर समुपदेशक किंवा परिचारक जावा. हे काही स्वप्नरंजन नाही. ओरेगनमधल्याच युजीन शहरात 1989 पासून तीन दशकांहून अधिक काळ दवाखान्याची माणसे व्हॅन घेऊन अशा फोनवर जात होती; 2025 मध्ये ते काम तिथे बंद पडले ते पैशाअभावी. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने 2021 मध्ये मानसिक संकटाच्या फोनवर जाण्यासाठी तज्ज्ञांचे पथक नेमले. त्याच विद्यापीठाने स्वतःचे पोलीस दलही उभारायला घेतले, तेही विद्यार्थ्यांनी त्याविरुद्ध 2019 मध्ये महिनाभर प्रशासकीय इमारतीत ठिय्या दिल्यानंतर. समुपदेशन केंद्रांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा दंडक 1,000 ते 1,500 विद्यार्थ्यांमागे एक समुपदेशक असा आहे. गस्तीच्या गाड्यांची संख्या वाढवण्याआधी प्रत्येक विद्यापीठाने हा दंडक पाळला आहे का, ते आधी सांगावे.

सध्या वारे उलटे वाहते आहे. 2024 च्या वसंतात गाझाप्रश्नी आंदोलन करणाऱ्या 3,000 हून अधिक लोकांना अमेरिकी विद्यापीठांच्या आवारांत अटक झाली. मार्च 2025 मध्ये, अमेरिकेच्या केंद्र सरकारने निधी रोखल्यावर, कोलंबिया विद्यापीठाने अटकेचे अधिकार असलेले 36 नवे अधिकारी नेमत असल्याचे सांगितले. 2020 मध्ये दिलेली आश्वासने किती ठिकाणी कागदावरच राहिली, हे यावरून समजावे.

मराठी घरांशी याचा थेट संबंध आहे. 2023-24 मध्ये अमेरिकेत 3 लाख 31 हजारांहून अधिक भारतीय विद्यार्थी होते, परदेशी विद्यार्थ्यांत सर्वांत जास्त. त्यात आपली मुले भरपूर आहेत. मुलगा दोन दिवस फोन उचलत नाही म्हणून घाबरलेली आई नाशिकहून किंवा साताऱ्याहून विद्यापीठाला फोन करते. ‘एकदा खोलीवर जाऊन बघा हो’, एवढेच तिचे म्हणणे असते. बघायला अनेकदा पोलीस जातो. मुलगा खरोखरच वाईट अवस्थेत असेल, तर कित्येक ठिकाणी त्याला बेड्या घालून इस्पितळात नेण्याची पद्धत आहे. आणि पोलिसाच्या दफ्तरी नाव लागले की परदेशी विद्यार्थ्याला त्याची किंमत वेगळी मोजावी लागते. मार्च-एप्रिल 2025 मध्ये अमेरिकी सरकारने हजारो परदेशी विद्यार्थ्यांची विद्यार्थी म्हणून असलेली सरकारी नोंद रद्द केली. त्यांतल्या अनेकांवर वाहतुकीचा किरकोळ दंड किंवा मागे घेतलेली तक्रार याखेरीज काहीच नव्हते. न्यायालयांनी कान उपटल्यावर एप्रिलच्या अखेरीस नोंदी परत द्याव्या लागल्या, पण त्या महिन्यात काही मुले भीतीने देश सोडून गेली होती. अशा देशात एकट्या पडलेल्या आपल्या मुलाला मदत मागायचीच भीती वाटली, तर त्याला दोष कसा देणार?

ज्यांची मुले अमेरिकेला निघाली आहेत, त्या पालकांनी फी आणि व्हिसा यांच्याबरोबर आणखी दोन गोष्टी विद्यापीठाला ईमेलने विचाराव्यात. तुमच्याकडे किती विद्यार्थ्यांमागे एक समुपदेशक आहे? आणि रात्री दोन वाजता माझ्या मुलाने मदतीसाठी फोन केला, तर त्याच्या दारात कोण येईल? उत्तर लेखी मागा. येणाऱ्याच्या कमरेला बंदूक असेल असे उत्तर आले, तर ती का, हेही विचारा आणि पैसे भरायच्या आधी विचारा.