विश्लेषण : कम्पोझिट पायरी तोलते कोण, फळी की ब्रॅकेट?

कोकणातील होमस्टे, बंगले आणि फार्महाऊसच्या बाहेरच्या जिन्यांवर लाकडाऐवजी कम्पोझिट म्हणजे डब्ल्यूपीसी फळ्या दिसू लागल्या आहेत. ग्राहक फळीचा रंग आणि वॉरंटी पाहतो. तिच्याखालचे ब्रॅकेट मात्र फॅब्रिकेटरवर सोडतो. ही पद्धत धोक्याची आहे.

दोन टोकांचा आधार का पुरत नाही?

लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक यांच्या मिश्रणातून बनलेली ही फळी कुजत नाही, पण सागवानाइतकी ताठही नसते. उन्हात तापली की ती अधिक वाकते. जाड लाकडी पायरी दोन्ही बाजूंच्या अँगलवर उभी राहते. कम्पोझिट मधोमध झोल खाते. म्हणून अनेक उत्पादक सपाट डेकपेक्षा पायरीला जवळजवळ आधार मागतात, बहुधा ३०० मिमी किंवा त्याहून कमी अंतरावर. म्हणजे ९०० मिमी रुंद जिन्याला दोन टोके आणि मध्ये दोन, असे किमान चार आधार हवेत.

धातू कोणता?

किनाऱ्यावरची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस रेड ऑक्साइड मारलेल्या साध्या लोखंडाला फार काळ टिकू देत नाही. 'गॅल्व्हनाइज्ड' हा शब्दही पुरेसा नाही. इलेक्ट्रोप्लेटिंगमध्ये जस्ताचा थर साधारण ५ ते १५ मायक्रॉन असतो. हॉट-डिपमध्ये ३ मिमीहून जाड पोलादावर तो सरासरी ७० मायक्रॉनच्या आसपास असतो. भारतीय मानक आयएस ४७५९ याच प्रक्रियेसाठी आहे. वेल्डिंग आणि भोके पाडणे हे सगळे जस्त चढवण्याआधी उरकायला हवे. नंतर केल्यास गंज तिथूनच सुरू होतो. समुद्रासमोरच्या घराला ३०४ पेक्षा ३१६ दर्जाचे स्टेनलेस स्टील योग्य, कारण त्यातील मॉलिब्डेनम क्षारांना तोंड देते.

स्क्रूचे काय?

स्टेनलेस ब्रॅकेटला जस्त चढवलेला स्क्रू लावला तर आधी स्क्रूच गंजतो. त्यामुळे दोन्ही एकाच धातूचे हवेत. ब्रॅकेटवर पाणी साचू नये आणि फळीच्या टोकाला उत्पादकाने सांगितलेली प्रसरणाची फट राहावी.

ग्राहकाने काय करावे?

ब्रॅकेटचा भाव किलोवर ठरवणे थांबवावे. आधारांतील अंतर, धातूचा दर्जा आणि जस्ताची जाडी कोटेशनमध्ये लिहून घ्यावी. फळी झिजली तर बदलता येते. आतून गंजलेले ब्रॅकेट मात्र कुणाचा तरी पाय पडेपर्यंत दिसत नाही.