खेळण्याचा हक्क

भिवंडीत बसून गोल्फवर लिहायचं म्हटलं की हसू येतं. यंत्रमागाच्या खडखडाटात कांड्या भरणाऱ्या बाईला गोल्फशी काय देणंघेणं? पण ऑगस्ट २०२१ मध्ये टोकियोच्या ऑलिम्पिकमध्ये मी अदिती अशोकचा खेळ पाहिला आणि गुंतून गेले. चार दिवस, ७२ होल. कांस्यपदक हुकलं ते एका फटक्यानं! कमीत कमी फटक्यांत चेंडू खळगीत घालायचा, एवढा साधा खेळ. पण जीव टांगणीला लागतो.

खेळ श्रीमंतांचा, हे खरंच. पुरुषांचाही. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या १७५४ सालच्या क्लबनं बायकांना सभासदत्व खुलं केलं ते २०१४ मध्ये. पण चेंबूरच्या गोल्फ क्लबात दुसऱ्यांच्या पिशव्या वाहणाऱ्या कॅडींनी आपल्या वस्तीच्या गल्लीबोळातच गोल्फ मांडला. लोखंडी सळई वाकवून काठी केली, प्लॅस्टिकचा चेंडू घेतला.

गल्ली आपल्याही दारात आहे, सळई भंगारात मिळेल. आपल्याकडे नाही तो वेळ, आणि बाईनं उगीच खेळलेलं खपवून घेणारी नजर. मजुरी, रेशन, मारहाण यांवर आपण लढतो, लढायलाच हवं. पण मानवी हक्कांच्या १९४८ च्या जाहीरनाम्यात विश्रांती आणि फुरसतीचा हक्कही लिहिलेला आहे. तो मागायला आपण का लाजतो?

मैत्रिणींनो, मुलीला ‘खेळून काय मिळणार’ असं विचारणं आधी आपण थांबवू या. मजा येते, एवढं कारण पुरे आहे.