एलियाहूचा रथ आणि शनिवारी थांबणारा घाणा

१/ अलिबागजवळच्या खंडाळे गावात एक खडक आहे. त्यावरील खुणा एलियाहू हनाबीच्या रथाच्या चाकांच्या व घोड्यांच्या टापांच्या आहेत, अशी कोकणातील बेने इस्राएल समाजाची श्रद्धा आहे. इतिहासप्रेमी मंडळींत या खडकाचा विषय निघाला की चर्चा हमखास एकाच प्रश्नावर अडते : खुणा खऱ्या की मानलेल्या? हा प्रश्नच मुळात चुकीचा आहे. का, ते या धाग्यात.

२/ या वादात दोन पक्ष असतात. पहिला पक्ष अद्भुताचा भोक्ता. त्याला अग्निरथ, आकाशगमन आणि पाषाणावरील ठसे एवढेच हवे असते. दुसरा पक्ष उपहासाचा. तो म्हणतो, मलिदा दर्ग्यावरून आला, उरूस पिरांकडून आला, नवस ग्रामदैवतांकडून आला, मग यात यहुदी असे उरले काय? दोन्ही पक्ष एकमेकांचे विरोधक भासतात. पण ज्या संदेष्ट्याविषयी भांडण आहे, त्याची कथा दोघांनीही शेवटपर्यंत वाचलेली नसते.

३/ आधी नाव. हिब्रूतील ‘नवी’ आणि अरबीतील ‘नबी’ हे एकाच कुळातले शब्द. ‘ह’ हे हिब्रूतील निर्देशक उपपद. म्हणजे ‘तो नबी एलियाहू’. मराठी बायबलमध्ये हाच एलीया संदेष्टा म्हणून भेटतो. काळ इ. स. पूर्व नववे शतक, देश इस्राएलचे उत्तरेकडील राज्य, राजा अहाब. त्याचे चरित्र ‘राजे’ या ग्रंथात आले आहे.

४/ आता स्थळ. भोगावतीकाठचे पेण आणि कुंडलिकेकाठचे रोहा. रोह्यासमोर नदीच्या दुसऱ्या तीरावर अष्टमी. दोन्हींची मिळून आजही ‘रोहा अष्टमी’ नगरपरिषद आहे. भातशेतीचा हा मुलूख, पूर्वीचा कुलाबा जिल्हा, १९८१ पासून रायगड. पेणकर, रोहेकर, अष्टमकर ही बेने इस्राएल आडनावे याच मातीत रुजली. पेणचे ‘बेथ हाएलोहीम’ सिनेगॉग १८६३ चे. अष्टमीतही या समाजाचे सिनेगॉग उभे राहिले.

५/ समाजाची परंपरा अशी : पूर्वजांचे गलबत नवगावच्या किनाऱ्याजवळ फुटले, सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, ग्रंथ व चीजवस्तू समुद्रार्पण झाल्या. एलियाहूने प्रकट होऊन त्यांना धीर दिला आणि त्यांचा वंश या भूमीत नांदेल असे आश्वासन दिले, असेही सांगतात. या घटनेचा शिलालेख नाही, ताम्रपट नाही. ती परंपरा आहे, आणि परंपरा म्हणूनच तिचा विचार केला पाहिजे.

६/ परंतु या परंपरेच्या पुढे जे आहे, ते दंतकथेत मोडत नाही. या लोकांना कोकणात ‘शनिवार तेली’ म्हणत. व्यवसाय तेल गाळण्याचा, आणि शनिवारी घाणा बंद. हे नाव शेजाऱ्यांनी दिलेले आहे. स्वतःविषयी कोणी काहीही सांगू शकतो; पण शेजारी नाव ठेवतात ते रोज डोळ्यांना दिसते त्यावरून. वर्षाकाठी बावन्न दिवस हातावरच्या पोटाने कमाई सोडून द्यायची, याचा अर्थ लहान नाही.

७/ १७३८ मध्ये सार्टोरियस या प्रॉटेस्टंट मिशनऱ्याने लिहून ठेवले, की पश्चिम किनाऱ्यावर स्वतःला बेने इस्राएल म्हणवणारे लोक आहेत. त्यांच्यापाशी बायबल नाही, हिब्रू त्यांना येत नाही, प्रार्थनेतले ‘शेमा’ एवढेच ते जाणतात. शेमा म्हणजे ‘ऐक’. देव एकच आहे, या ग्वाहीचा तो पहिला शब्द. ग्रंथ बुडाले, भाषा गेली, विधींची नावे विसरली. उरला तो ऐकण्याचा आदेश.

८/ उपहासवाद्यांचा पहिला आक्षेप मलिद्याविषयी. मलिदा म्हणजे भिजवलेल्या पोह्यांत ओले खोबरे, गूळ वा साखर, वेलची व सुका मेवा कालवून केलेले ताट, त्याभोवती फळे. लग्नाआधी, आजारातून उठल्यावर, नव्या घरात, प्रवासाआधी वा नवस फेडताना ते मांडले जाते. शेवाट महिन्याच्या पंधराव्या तिथीला खंडाळ्यास एलियाहू हनाबीचा उरूस होत असे. हैम सॅम्युएल केहीमकर यांनी १८९७ मध्ये पूर्ण केलेल्या समाजाच्या इतिहासात त्याची नोंद आहे.

९/ उसनवारी झाली हे मान्य केले पाहिजे. मलिदा हा शब्द दर्ग्यांवरही चालतो, उरूस हा शब्द तर तिथलाच. पोहे पेणच्या परिसराचे. सिनेगॉगला हे लोक ‘मशीद’ म्हणत. १८८० च्या सुमारास बायबलमधील चरित्रांवर मराठी कीर्तने सुरू झाली, तीही हरिदासी घाटाची. जो समाज शतकानुशतके शेजारधर्माने राहिला, त्याच्या ताटात शेजारच्या शेतातले पोहे असणारच. ते नसते, तरच संशय घ्यावा लागला असता.

१०/ परंतु एलियाहू स्वतः उसना नाही. जगभरच्या यहुदी घरांत त्याची वाट पाहिली जाते. सुंतेच्या वेळी त्याच्या नावाची खुर्ची मांडतात. वल्हांडणाच्या रात्री त्याच्यासाठी प्याला भरून ठेवतात. शब्बाथ सरताना त्याचे गीत गातात. पोलंड, येमेन, बगदाद यांपैकी कुठेही कोकणातले ग्रामदैवत पोहोचले नव्हते. कोकणाने त्याला बसायला जागा दिली, पानावर पोहे वाढले. पाहुणा मात्र मुळातच घरचा होता.

११/ अधिक महत्त्वाचे आहे ते प्रार्थनेचे तोंड. लोकव्यवहारात नवस एलियाहूच्या नावाने बोलला जातो, हे खरे. पण ताटासमोर म्हटले जाणारे आशीर्वचन पाहावे : झाडाच्या फळासाठी, भूमीच्या उपजासाठी, प्रत्येक प्रकारासाठी निर्मात्या देवाचे आभार. एलियाहूचे नाव घेतले जाते, आणि आभार देवाचे मानले जातात. ज्याला मूर्ती नाही, नैवेद्याची मागणी नाही, त्या संदेष्ट्याला ‘नवसाला पावणारा यहुदी देव’ म्हणणे हे अज्ञान आहे.

१२/ नवसाचे एक ठळक उदाहरण मुंबईत उभे आहे. सामाजी हसाजी दिवेकर, अर्थात सॅम्युएल इझिकेल दिवेकर, इंग्रज फौजेतले अधिकारी. म्हैसूरच्या युद्धात टिपूच्या कैदेत पडले. सुटका झाली तर प्रार्थनामंदिर बांधीन, असा त्यांचा संकल्प होता, असे समाजात सांगितले जाते. १७९६ मध्ये बेने इस्राएलांचे पहिले सिनेगॉग उभे राहिले. नाव ठेवले ‘शाआर हाराहमीम’, दयेचे द्वार. बांधणाऱ्याचे शौर्य त्या नावात कुठेही नाही.

१३/ आता खुद्द संदेष्ट्याकडे. अद्भुतवाद्यांनी त्याचे चरित्र शेवटच्या अग्निरथापासून वाचायला घेतले, ही त्यांची चूक. चरित्राचा आरंभ दुष्काळात होतो. ओढा आटतो आणि एलियाहू सारफथ गावी एका परक्या विधवेच्या दारी पाणी व भाकरीचा तुकडा मागतो. तिच्या घरात मूठभर पीठ आणि थोडे तेल. पुढे तिचा मुलगा दगावतो, तेव्हा तो अधिकारवाणीने आज्ञा करीत नाही. तीन वेळा त्या मुलावर पालथा पडून देवाचा धावा करतो.

१४/ कर्मेल पर्वतावर बआलचे साडेचारशे पुरोहित समोर असतात. ते सकाळपासून ओरडतात, नाचतात, अंगावर वार करून घेतात. एलियाहूची प्रार्थना दोन-तीन वाक्यांची आहे; तिच्यात तो स्वतःला देवाचा सेवक म्हणवतो. अग्नी उतरतो. त्यानंतर पुरोहितांची कत्तल होते, हेही त्या कथेत आहे आणि ते लपवण्याचे कारण नाही. विजयाने संदेष्टा शुद्ध होतो, असे ग्रंथ सुचवतही नाही. पुढचा अध्याय नेमका उलट दिशेने जातो.

१५/ त्याआधी पाऊस. ज्याच्या हाकेला आकाशातून आग आली, तो पावसासाठी जमिनीवर वाकतो, तोंड गुडघ्यांत घालतो आणि सेवकाला सात वेळा समुद्राकडे पाहायला पाठवतो. सातव्या खेपेस तळहाताएवढा ढग दिसतो. मग ज्या राजाला त्याने जाहीरपणे हरवले, त्याच अहाबाच्या रथापुढे तो एखाद्या हुजऱ्यासारखा धावत सुटतो. रथ राजाचा आहे, संदेष्टा पायी आहे. खडकावर चाकोऱ्या शोधणाऱ्यांनी हा प्रसंग लक्षात ठेवावा.

१६/ आणि मग तो खचतो. राणी ईजबेलच्या धमकीने जीव घेऊन पळतो, रानात एका झुडपाखाली बसतो आणि मरण मागतो. आपण आपल्या पूर्वजांपेक्षा काही थोर नाही, अशी कबुली देतो. देवदूत येतो तो उपदेश घेऊन नव्हे, तर निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचे भांडे घेऊन. आधी खा, मग वाट चाल. संदेष्ट्याला इतक्या उघडेपणाने दुबळे दाखवणारा ग्रंथ त्याला देव करू इच्छितो, असे कोण म्हणेल?

१७/ चाळीस दिवसांनी होरेब पर्वतावर गुहेच्या तोंडाशी वादळ येते, भूकंप होतो, आग भडकते. देव यांपैकी कशातही नसतो. त्यानंतर अगदी सूक्ष्म, जवळजवळ निःशब्द असा स्वर येतो. एलियाहू झग्याने तोंड झाकून घेतो. कर्मेलवर आगीसमोर जो ताठ उभा होता, तो शांततेसमोर तोंड झाकतो. भयभक्ती म्हणतात ती हीच. संपूर्ण चरित्राचा कणा या एका कृतीत आहे, अग्निरथात नाही.

१८/ तिथेही त्याचे एक गाऱ्हाणे शिल्लक असते : निष्ठावंत असा मी एकटाच उरलो. त्याला उत्तर मिळते, ते त्याच्या अभिमानाला धक्का देणारे आहे. इस्राएलात सात हजार माणसे आहेत, ज्यांनी बआलपुढे गुडघा टेकलेला नाही. त्यांची नावे ग्रंथात नाहीत. संदेष्ट्यालाही ती माहीत नव्हती. सर्वांत मोठ्या संदेष्ट्यांपैकी एकाला नम्रतेचा शेवटचा पाठ मिळाला तो अनाम, अप्रसिद्ध माणसांच्या निष्ठेतून.

१९/ पेण आणि रोह्याचे शनिवार तेली त्या सात हजारांच्या जातीचे. त्यांच्यात पंडित नव्हते, ग्रंथ नव्हते, जगातील इतर यहुद्यांना त्यांचा पत्ता नव्हता. परंपरा सांगते, की डेव्हिड राहबी नावाचा यहुदी कोकणात आला, तेव्हा खवले व पर नसलेले मासे इथल्या स्त्रियांनी बाजूला काढले आणि त्यावरून त्याने ओळख पटवली. स्वयंपाकघरात जपलेले हे ज्ञान होते. त्याला आपण मोठे काही करीत आहोत, याची जाणीवही नसावी.

२०/ ‘मी एकटाच खरा’ ही भूमिका इतिहासात पुन्हा आली. १९६२ मध्ये इस्राएलच्या मुख्य धर्मपीठाने बेने इस्राएलांच्या विवाहांबाबत त्यांच्या पूर्वजांची चौकशी करण्याचे निर्देश दिले. घाण्याचा बैल ज्यांनी दर शनिवारी सोडला, त्यांच्या नातवंडांनी वंशाचे पुरावे आणावेत! समाज जेरुसलेममध्ये ठिय्या देऊन बसला. ऑगस्ट १९६४ मध्ये इस्राएलच्या संसदेने त्यांना सर्व बाबतींत समान यहुदी म्हणून मान्यता दिली. धर्मपीठाने होरेबचा अध्याय वाचला नव्हता, असे म्हणवत नाही; मानला नव्हता, एवढे नक्की.

२१/ म्हणून उपहासवाद्यांना उत्तर एवढेच : शब्द, पोहे आणि कीर्तनाची चाल शेजाऱ्यांकडून घेतल्याने निष्ठा उसनी ठरत नाही. आणि अद्भुतवाद्यांना उत्तर असे : खडकावरच्या खुणा मोजून एलियाहू मोठा होत नाही. खंडाळ्याचा खडक समाजाच्या स्मृतीचा मान आहे, त्याचा आदर करावा; पण त्या संदेष्ट्याचे मोठेपण झाकलेल्या तोंडात, मागितलेल्या भाकरीत आणि सात वेळा पाहिलेल्या रिकाम्या आकाशात आहे.

२२/ १९४८ नंतर पेण-रोह्याची बहुतेक बेने इस्राएल कुटुंबे इस्राएलला गेली. तिथे कर्मेलच्या पायथ्याशी, हैफा येथे एलियाहूची मानली जाणारी गुहा आहे. नवस फेडायला ती माणसे आता तिकडे जातात आणि मलिद्याचे ताट तिथेही मांडले जाते. पेणच्या वाटेवर गणेशमूर्तींच्या कारखान्यांपाशी थांबणाऱ्या इतिहासप्रेमींनी १८६३ चे ते प्रार्थनास्थळही पाहून यावे. तिथे चमत्काराची खूण नाही. अनाम माणसांनी न बोलता पाळलेल्या शब्दाची मात्र आहे.